कोल्हापुरात एक रात्र राहा, मग खरं खाणं कळतं

कोल्हापूरला येणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी अंबाबाई, दुपारी मोठ्या बोर्डाच्या कुठल्यातरी हॉटेलात तांबडा-पांढरा, मग पन्हाळा नाहीतर जोतिबा, आणि रात्री घरी परत. यात वाईट काही नाही, पण गावातले लोक जिथं खातात ते सगळं यात राहून जातं, कारण तिथं एकतर सकाळी लवकर जावं लागतं नाहीतर अंधार पडल्यावर. यावेळी आम्ही मुद्दाम मुक्काम केला, शिवाजी पेठेतल्या मित्राकडं, आणि खाण्याचं सगळं त्याच्यावर सोडून दिलं.

मुंबई-पुण्याहून येणार असाल तर महालक्ष्मी एक्सप्रेस बेस्ट, रात्री बसा, सकाळी स्टेशनावर उतरा, बॅगा टाकून सरळ मिसळ. शिवाजी उद्यमनगरात फडतरे आहे, ते आता बाहेरच्यांनाही माहीत झालंय त्यामुळं रविवारी रांग असते, मग कसबा बावड्यात जा, बावडा मिसळ तिथलीच. मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो, आणि खरी गंमत कटात, म्हणजे वरून घालायच्या तिखट रश्श्यात. पहिल्यांदा कट कमीच घ्या, चव बघा, मग मागा, वाढणारा हात आखडत नाही. फक्त अकरा-साडेअकरानंतर आरामात जाऊ असं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी संपलेली असते.

दुपारी मटण. इथं माझं मत जरा कडक आहे. हायवेवरच्या एका चकाचक हॉटेलात आम्ही मागे थाळी खाल्लेली, तांबडा रस्सा म्हणजे नुसती तेलाची लाल तर्री, आणि पांढरा इतका घट्ट की चमचा उभा राहील. पांढरा असा नसतोच, तो मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ असं वाटण घालून पातळच करतात आणि वाटी तोंडाला लावून ओरपायचा असतो. तो मिळतो पेठांमधल्या छोट्या खानावळीत, चार-सहा टेबलं, बोर्ड धड वाचता येत नाही, आत काकी भाकरी थापतायत. आम्ही गेलो तिथं मेनूकार्ड नव्हतंच, काकींनी विचारलं "सुक्कं का रस्सा?" आणि आम्ही दोन्ही म्हणेपर्यंत ताट समोर. रस्सा मागाल तेवढा, सुक्कं मात्र मोजून. बुधवारी किंवा रविवारी जा, त्या दिवशी गावातच मटणाला गिऱ्हाईक असतं त्यामुळं माल ताजा, सोमवारी-शनिवारी वार पाळणारे बरेच, काही खानावळी बंदच असतात. आणि एकच्या आत पोचा.

संध्याकाळी खासबाग. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ चं, शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह जे २०२४ च्या ऑगस्टात आगीत जळालं, बघून वाईट वाटतं. तिथल्या खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ. चुरमुरे कुरकुरीत असतानाच उभ्या उभ्या संपवायची, पार्सल घेऊन हॉटेलवर जाणाऱ्यांनी भेळ खाल्ली असं मी मानत नाही. आणि कुणी "कॉकटेल घेणार का" विचारलं तर दचकू नका, आईस्क्रीम असतं, फळं, जेली, सुकामेवा सगळं एका ग्लासात.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी गंगावेशचा दूध कट्टा. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येतं. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, पायाशी वैरण, बाजूला कट्ट्यावर माणसं गप्पा मारत बसलेली. आपण सांगितलं की गवळी कास धुतो आणि तुमच्या डोळ्यादेखत ग्लासातच धार काढतो. वर बोटभर फेस, ग्लास हाताला कोमट लागतो. मी फोटो काढत बसलो तर गवळीमामा म्हणाले, "पावणं, फेस बसायच्या आत प्या की, फोटू कुठं पळून जातोय!" गंगावेशची तालीम जवळच, पैलवानांचं गाव आहे हे, त्यामुळं धारोष्ण दुधाचं कौतुक इथं जुनं. चव जरा गोडसर आणि दाट, पिशवीच्या दुधाची सवय असलेल्यांना पहिल्या घोटाला वेगळंच वाटेल. एक मात्र, हे न तापवलेलं कच्चं दूध आहे, लहान पोरं, गरोदर बायका आणि नाजूक पोटवाल्यांनी नुसतं बघावं. आणि मटणावर लगेच पिऊ नका, मधे दोन-तीन तास जाऊ द्या.

गाडीनं येणार असाल तर देवळाच्या आसपास घुसू नका, बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि पुढं चालत फिरा, पेठांमधल्या बोळांत एक रिक्षा समोरून आली की विषय संपला.

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत आलात तर एखादं गुऱ्हाळ नक्की गाठा, पन्हाळ्याकडं जाताना रस्त्यालगत धूर दिसला की थांबायचं. कढईजवळ विचारलं की गरम काकवी चाखायला देतात. घरी न्यायला घट्ट झाकणाची बाटली सोबत ठेवा, आणि गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नका, जरा काळपट असतो तो घ्या, त्यात रसायनांच्या पावडरी कमी असतात.