घरातला निळा प्रकाश आणि टाचेतले रक्त

आमच्या मुलीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या टाचेतून रक्त घेतले गेले, तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे रक्तातले पिवळे द्रव्य, दर डेसिलिटरला १८.४ मिलीग्रॅम निघाले. बाळाचे वय तासांत मोजून तक्त्यावर जी उपचाराची रेषा पाहतात, तिला हा आकडा जेमतेम टेकत होता. प्रकाशोपचार घरीच करण्याची परवानगी डॉक्टरांनी दिली, पण त्याआधी त्यांनी एकेक गोष्ट तपासली. बाळ ३९ आठवड्यांचे होते, कावीळ पहिल्या २४ तासांत दिसलेली नव्हती, आई आणि बाळ यांच्या रक्तगटांत विरोध नव्हता, बाळ जोमाने दूध ओढत होते आणि रोज रक्त तपासण्याची सोय घरापासून दहा मिनिटांवर होती. यांतली एक जरी बाजू लंगडी असती, तर आम्हाला रुग्णालयातच राहावे लागले असते आणि ते योग्यच झाले असते.

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराला पूर्वेकडे तोंड असलेला सोपा आहे. डिसेंबरचे दिवस होते. माझ्या आईचे म्हणणे साधे होते, "आमची सगळी पोरं ह्याच सोप्यात कोवळ्या उन्हात धरली आणि बरी झाली की." तिचे म्हणणे निराधार नव्हते, कारण बहुतेक बाळांची सौम्य कावीळ उपचारांशिवायही ओसरते. मात्र आकडा रेषेला टेकल्यावर उन्हावर विसंबता येत नाही. उन्हात हवा तो निळा प्रकाश असतो, पण त्याची मात्रा मोजता येत नाही, सोबत अतिनील किरणे येतात, आणि उघडे बाळ गारठते किंवा तापते.

गर्भातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांतून बिलिरुबिन तयार होते आणि नवजात यकृताला ते पुरेशा वेगाने बाहेर टाकण्याजोगे करता येत नाही. ते फार वाढले तर मेंदूत शिरून कायमची इजा करू शकते. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने त्वचेतल्या या रेणूंची घडण बदलते आणि मग ते यकृताच्या प्रक्रियेवाचून पित्त व लघवी यांवाटे निघून जातात. म्हणूनच दिव्याचे अंतर आणि उघडी त्वचा यांना इतके महत्त्व आहे. भाड्याने आणलेल्या एलईडी यंत्राखाली बाळाला डोळ्यांवर पट्टी आणि एक छोटा लंगोट एवढ्यावर ठेवायचे होते. टोपडे, झबले, दुपटे, सगळे बाजूला. गुंडाळलेले बाळ म्हणजे सुखी बाळ असे मानणाऱ्या घरात हे पाहवत नाही. खोली उबदार ठेवून मी दर काही तासांनी तिचा ताप मोजत होतो, तरी आईचा हात दुपट्याकडे जातच होता. दर दोन-तीन तासांनी पाजण्यापुरतेच तिला उचलायचे, लंगोट मोजायचे, आणि पातळ, हिरवट शी झाली तर घाबरायचे नाही, असे चालले होते. पाचवीची पूजा त्याच खोलीच्या दारात उरकली. बघायला आलेल्या पाहुण्यांना मी सोप्यातूनच परत पाठवले आणि त्याबद्दल दोन मावश्या अजूनही रुसलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गोरेपान दिसू लागले आणि आता यंत्र बंद करावे, असे घरात सर्वांचे मत पडले. इथेच चूक होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड यांनी उन्हात नेलेले एक बाळ डॉक्टरांना दाखवले होते. त्याचे अंग फिकट झाले होते, पण चादरीखाली झाकलेला भाग तसाच पिवळा राहिला होता. या निरीक्षणातून हा उपचार उभा राहिला आणि १९५८ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रकाश आधी कातडीचा रंग घालवतो. रक्तात बिलिरुबिन किती उरले, हे कातडी सांगत नाही. लंगोटाची कड खाली सरकवून मी आईला तिथला पिवळा पट्टा दाखवला आणि ती काही न बोलता पुन्हा दिव्याजवळ बसली. त्या दिवशी आकडा १५.९ होता, त्यापुढच्या दिवशी १३.६, तेव्हा डॉक्टरांनी यंत्र बंद करायला सांगितले. २४ तासांनी आणखी एकदा टाच टोचली, कारण दिवा काढल्यावर बिलिरुबिन पुन्हा चढू शकते. ते चढले नव्हते.

निघताना डॉक्टरांनी एकच काम डोळ्यांवर सोपवले. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, किंवा शी खडूसारखी पांढुरकी आणि लघवी डाग पाडणारी गडद दिसली, तर एक दिवसही थांबू नका, कारण मग दोष पित्तनलिकेत असू शकतो आणि त्यावर दिव्याचा उपाय चालत नाही. त्यामुळे बारशाच्या सकाळी, पाळणा सजत असताना, आई लंगोट घेऊन सोप्यातल्या उजेडात आली आणि त्यावरचा मोहरीसारखा पिवळा रंग तिने मला दाखवला.