चिंचेनं घासलेला रुपया

मृगाला आठ दिवस उरले की आमच्या यवतमाळकडच्या सराफी दुकानात बंदे रुपये यायला लागतात. बियाण्याला पैसा हवा असतो, म्हणून आजीच्या डब्यातली चांदी निघते.

त्या दिवशी दारव्ह्याकडचे एक काकाजी बावीस रुपये घेऊन आले. सगळ्यांचं वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास, आणि नवखा इथंच फसतो. राणीछाप, एडवर्ड आणि पंचम जॉर्जच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. १९४० ते ४५ च्या रुपयात निम्मीच, ५.८३ ग्रॅम. या नंतरच्यांच्या दातेरी कडेत मधोमध खाच फिरलेली असते. कड झिजली असेल तर पाणी. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणायचा, दोऱ्याला टांगलेला रुपया तळाला-कडेला न लागू देता बुडवायचा. आकडा १.१३ ग्रॅमच्या आसपास आला तर जुनी चांदी, १.२२ कडे गेला तर अर्धी. नाण्याला बुडबुडा चिकटला की जुनी चांदीही अर्धी वाटते. आधी बोटानं झटकायचा. काटा ०.०१ ग्रॅमचाच हवा. बाजारात अर्ध्यांना भंगार म्हणून उचलणारे आणि पुऱ्यांनाही अर्ध्याचाच भाव देणारे मी पाहिलेत.

अर्धे नऊ निघाले. उरलेल्या तेरांत एक १९११ चा होता. पंचम जॉर्ज राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळं डुकरासारखा दिसतो म्हणून लोक भडकले, बरीचशी नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. संग्राहक याला ‘पिग रुपया’ म्हणतात. मागच्या कमळाखाली ठिपका असला तर मुंबईची टाकसाळ, नाहीतर कलकत्त्याची. याला ठिपका होता.

आणि तो आरशासारखा चकाकत होता. भिंगाखाली हजार ओरखडे, सगळे एकाच दिशेनं.

“रातभर चिंच अन् राखेनं घासले जी भाऊ,” काकाजी म्हणाले.

“साल दिसत नाही” असा त्यांचा आदल्या दिवशी फोन आला, तेव्हा “पुसून वाचा” म्हणालो होतो मीच. शंभर वर्षांचा काळसर थर आणि त्याखालची मूळ झळाळी असती, तर संग्राहकानं चांदीच्या भावाच्या कितीतरी वर पैसे मोजले असते. असं घासलेलं नाणं कितीही कमी झिजलेलं असो, ग्रेडिंगवाले, म्हणजे नाण्याची प्रत अंकात ठरवणारे, त्याला अंक देत नाहीत.

काकाजींचा मुलगा मोबाइलवर ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेचे ‘लाखो’ देतो म्हणणारी जाहिरात दाखवत होता. आधी फी मागतील तिथं एक रुपयाही भरू नको, म्हटलं. रिझर्व्ह बँकेनंही २०२१ मध्ये हेच बजावलं होतं. बियाण्यापुरते नऊ अर्धे विका, बाकीचे राहू द्या. आणि उरलेल्या पैशानं नाणी घेत बसू नका, घेतानाच्या आणि विकतानाच्या भावात मधला माणूस खातो.

तेरा रुपये कोऱ्या कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दिले. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात हिरवट चिकटा धरतो.

“हा पुन्हा काळा होईन का जी?”

होईल, पण ओरखडे तसेच राहतील, असं सांगितलं. पुसायला कोण म्हणालं होतं, ते त्यांनी काढलं नाही.