तो ओंडका मीच हलवला

वाटेची देखभाल म्हटली की लोकांना कचरा वेचणं आठवतं. ते सगळ्यांत सोपं काम. खरी झटापट पाण्याशी. पावलांनी वाट मधोमध दबते, बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा उठतो आणि पावसाचं पाणी उताराकडे निघून जायचं सोडून वाटेवरूनच धावायला लागतं. म्हणून तो वरंबा फोडायचा आणि वाटेला बाहेरच्या अंगाला शंभरास पाच इतका ढाळ द्यायचा. दोन फूट रुंदीला जेमतेम सव्वा इंच. चालणाऱ्याला कळतही नाही, पाण्याला बरोबर कळतो.

चढावर दगडांचे बांध घालतो, तेही काटकोनात नाही, तिरके, साधारण 45 अंशांत. काटकोनात घातले की मागे गाळ भरतो आणि पुढच्या सरीला पाणी वरून उडी मारतं. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे, नाहीतर कोणाच्या तरी लाथेने हलतोच. पहार घेऊन अख्खी सकाळ एका दगडात जाते आणि फोटोत तो दगड दिसत नाही. झाडं लावायच्या दिवशी रांग लागते. चर उपसायला आम्ही ठरलेले चौघं.

तर त्या रविवारी, मोठ्या पावसानंतर, दुसऱ्या वळणाच्या खाली वाटेची कड पार ढासळलेली. वर पाहिलं तर वरच्या वाटेपासून खालच्या वाटेपर्यंत सरळ घळ, गुडघाभर खोल. वळण टाळून लोक तिथून उतरत होते आणि पाणी त्यांच्यामागून.

उन्हाळ्यात याच जागी एक कुजका ओंडका आणि वाळक्या काटेरी फांद्यांचा ढीग होता. मीच काढला होता. ‘वाट मोकळी केली’ म्हणून गटावर फोटोही टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले. काढताना ओंडक्याचं एक टोक जमिनीत गाडलेलं दिसलं होतं, बुडाशी दोन दगड ठोकलेले. तरी मला वाटलं, रुतला असेल. आपोआप पडलेल्या लाकडाला पाचर कोण मारतं, हा विचार शिवलाही नाही.

आमच्या आधी ही वाट सांभाळणाऱ्या काकांना फोन केला. गुडघ्यांमुळे आता ते येत नाहीत.

“मीच लावला होता तो. वळणावरून खालची वाट दिसते, मग माणूस वळायला थांबत नाही.”

“सांगायचं ना, काका.”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण खरं सांगायचं तर थोडा रागही आला. इतकी वर्षं सगळं डोक्यातच ठेवायचं म्हणजे काय?

घळ भरायला तीन रविवार गेले. खालून वर दगडांच्या आडव्या ओळी रचत गेलो, मध्ये माती दाबली, वरून पालापाचोळा पसरला. वरच्या तोंडाला नवा ओंडका गाडला, त्यावर काटेरी फांद्या, बुडं उताराकडे आणि काटे येणाऱ्याच्या बाजूला.

परवा गेलो तर त्या फांद्या कोणीतरी काढून झाडाच्या बुंध्याशी नीट रचून ठेवल्या होत्या. जाडी एका बाजूला, बारीक दुसऱ्या.