आमची वाटचाल: जुन्या गेमची चित्रं नव्याने काढताना

आमचा स्टुडिओ लहान आहे. जुन्या पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे माउसने वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायच्या, साहसी गेम्सची चित्रं आजच्या पडद्यांसाठी नव्याने काढून देणं, हे आमचं मुख्य काम. सुरुवातीला मोबाइल गेम्सची बटणं, आयकॉन, पार्श्वचित्रं, जे मिळेल ते केलं. त्यावर पगार निघत होते, पण मन रमत नव्हतं.

दिशा मिळाली ती २०१६ मध्ये, 'डे ऑफ द टेंटॅकल' या गेमची रीमास्टर, म्हणजे नव्याने घडवलेली, आवृत्ती आली तेव्हा. मूळ गेम लुकासआर्ट्स या कंपनीचा, १९९३ सालचा, आणि तोही १९८७ च्या 'मॅनियाक मॅन्शन'चा पुढचा भाग. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी तो दिग्दर्शित केला होता. रीमास्टर केला तो शेफर यांच्याच डबल फाइन या कंपनीने. त्यात खेळता खेळता एक कळ दाबली की नवं चित्र जाऊन जुनं समोर येतं. आम्ही सगळे एका पडद्यासमोर बसून तेच करत राहिलो. तपशील कितीतरी वाढला होता, पण वाकड्यातिकड्या भिंती, तिरके दरवाजे, पात्रांची ढब, सगळं जागच्या जागी होतं. हेच काम आपण करायचं, असं त्याच दिवशी ठरलं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, जुनं चित्र मोठं करायचं आणि कडा गुळगुळीत करायच्या. तसं नाही. मूळ चित्र ३२० बाय २०० पिक्सेलचं, रंग २५६. त्यात दाराची मूठ म्हणजे चार-पाच ठिपके. मोठ्या पडद्यावर ती पितळी की लाकडी, गोल की लांबट, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. शिवाय त्या काळच्या मॉनिटरवर पिक्सेल चौकोनी दिसत नसे, जरा उभट दिसे. ते लक्षात न घेता काढलं तर सगळी पात्रं बुटकी होतात.

खरी कसोटी कोड्यांची असते. 'डे ऑफ द टेंटॅकल'मध्ये एकच वाडा तीन काळांत आहे: वर्तमानात, दोनशे वर्षं मागे आणि दोनशे वर्षं पुढे. भविष्यात लाव्हर्न हे पात्र झाडाला अडकलेलं असतं. तिला सोडवायला तिचा साथीदार होगी भूतकाळात त्याच झाडाची कमक्वाट ही छोटी संत्र्यासारखी फळं लाल रंगवतो. चेरीचं झाड तोडल्याच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनला ते चेरीचं झाड वाटतं, तो ते तोडतो आणि भविष्यात लाव्हर्न मोकळी होते. म्हणजे दोन्ही काळांतलं झाड एकच आहे हे खेळणाऱ्याला ओळखू यायला हवं, आणि फळांचा लाल रंग ठसठशीत दिसायला हवा. पानापानावर बारकावे भरले की नेमकं हेच हरवतं. जुन्या चित्रात उचलायची वस्तू आपोआप उठून दिसायची, कारण बाकी फारसं काही नसायचंच.

एका ग्राहकाने सगळी चित्रं सॉफ्टवेअरमधून मोठी करून द्या, असा आग्रह धरला होता. आम्ही नमुना करून दाखवला: चेहरे मेणाचे झाल्यासारखे, आणि टेबलावरची किल्ली लाकडाच्या रेषांत मिसळून गेलेली. ते काम आम्ही सोडलं. लहान स्टुडिओला हातचं काम सोडणं जड जातं. तरी ते काम सोडलं हेच बरोबर होतं, असंच मला आजही वाटतं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे. कुंचला उचलण्याआधी सगळ्यांनी मूळ गेम शेवटपर्यंत खेळायचा. मूळ कलाकारांची कच्ची रेखाटनं मिळतात का, हे आधी विचारायचं. आणि प्रत्येक नवं चित्र जुन्यावर ठेवून, आलटून पालटून बघायचं.

सध्या हातात आहे तोही एका जुन्या गेमचा पुढचा भाग. 'डे ऑफ द टेंटॅकल'मध्ये वीअर्ड एड या पात्राच्या कॉम्प्युटरवर बसलं की अख्खा 'मॅनियाक मॅन्शन' खेळता येतो. पुढच्या भागाने आधीच्या भागाचा इतका मान राखलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्या गेमचा पहिला भागही असाच आत बसवावा, हे आम्ही ग्राहकाला सुचवलं आणि त्यांना ते पटलं. पहिल्या भागाचे हक्क दुसऱ्याकडे आहेत, त्यांच्याशी बोलणी चालू आहेत. तोवर पार्श्वचित्रांचं काम पुढे सरकतंय.