आईनं गोळी कुटली तेव्हा

आमच्या आईचं ठाम मत आहे, औषध कुटून मधातनं घेतलं की अंगाला लागतं. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतनं सूज न् जखमा, निघाला तेव्हा डॉक्टरनी मेसालामाइन चालू केलं, १.२ ग्रॅमची गोळी, दिवसाला दोन, आणि गोळी म्हणजे हे एवढं धूड, घशाखाली उतरंना. चौथ्या दिवशी बघतो तर आई खलबत्त्यात गोळी टाकून ठोकत बसलीया. थांब म्हटलं तर म्हणते, "अरं गोळी काय न् भुगा काय, पोटातच जाणार न्हवं!"

तिथंच तर गोम आहे. हे औषध आतड्याच्या अस्तराला आतनं लागूनच सूज उतरवतं, मलम म्हणा ना. नुसतं गिळलं तर बरंचसं लहान आतड्यात वरच शोषलं जातं, खाली पोचतच नाही. म्हणून माझ्या गोळीवर कोटिंग आहे, जठराच्या आम्लाला दाद देत नाही, लहान आतड्याच्या शेवटाला पीएच ७ च्या आसपास गेला की विरघळतं. आईनं औषधाचा नव्हे, पत्त्याचाच भुगा केलेला.

याच्या आधीचं औषध सल्फासालाझिन, स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी काढलेलं, तेही संधिवातासाठी (नाना म्हणजे बाई बरं का, आमच्या गल्लीतले नाना नव्हेत). त्यात दोन रेणू जोडलेले, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती जोडी फोडतात. त्यातला कामाचा कुठला हे १९७७ ला ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी दोन्ही वेगवेगळे एनिमातनं देऊन दाखवलं, सल्फावाला नव्हे तर दुसरा, तोच मेसालामाइन.

माझी चूक वेगळीच. तीन महिन्यांत संडासवाटे जाणारं रक्त थांबलं, मग काय, झालो बरा म्हणून गोळ्या बंद! दिवाळीच्या तोंडावर परत चालू, दिवसातनं आठ-दहा वेळा, रंकाळ्यावर जायचं तरी आधी संडास कुठं हेच डोक्यात. मग गोळीच्या जोडीला रात्रीचा एनिमा आला, डाव्या कुशीवर निपचित पडायचं, खाली आईनं जुनी चादर अंथरलेली आणि बाहेरच्या खोलीत फराळाला आलेले पाहुणे विचारतायत, "पोरगं कुठं दिसंना?"

आता गोळी रोज, आणि अधनंमधनं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची रक्ततपासणी, कारण क्वचित किडनीला त्रास होतो म्हणे. मिसळ सुटलेली नाही, कट वेगळा घेतो आणि तो बहुतेक वेळा समोरच्याच्या वाटीत जातो. खलबत्ता मात्र आईनं अजून माझ्या गोळ्यांच्या डब्याशेजारीच ठेवलाय.