मान वळत नाही, मग नेम कसा धरता?

नेमबाजीच्या रेंजवर नवं कोणी आलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. "मॅडम, तुमची मान तर वळत नाही, मग नेम कसा धरता?" काहीजण कुतूहलाने विचारतात. काहींच्या स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या मानेचं ऑपरेशन झालेलं असतं आणि आता खेळणं संपलं असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते.

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. यात मणक्यांमधले सांधे हळूहळू जखडत जातात. माझी मान डावीकडे थोडीशी वळते, खाली जवळपास वाकतच नाही. ठाण्यात रस्ता ओलांडताना मला खांद्यांसकट सगळं अंग वळवून गाड्या बघाव्या लागतात. तरी १० मीटर एअर रायफल मी नियमित खेळते. डोकं जिथे आरामात राहतं तिथेच ठेवते, आणि रायफल तिथपर्यंत आणते.

आधी नेहमीची पद्धत कशी असते ते बघा. उजव्या हाताचा नेमबाज लक्ष्याकडे डावी कूस करून उभा राहतो, मान डावीकडे वळवतो आणि गाल चीकपीसवर (रायफलवरच्या गाल ठेवायच्या आधारावर) टेकवायला डोकं किंचित खाली झुकवतो. म्हणजे मानेला दोन कामं: वळणं आणि झुकणं. या दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. लोक थेट साइटवर, म्हणजे नेम धरायच्या साधनावर, घसरतात, पण वळण्याची अडचण साइटने सुटत नाही. ती पायांनी सोडवायची असते. मी लक्ष्याकडे पूर्ण कूस न करता छाती बरीचशी त्याच्याकडे वळवून उभी राहते, त्यामुळे मानेला थोडंच वळावं लागतं. याची किंमत मोजावी लागते. डावं कोपर कमरेच्या हाडावर नेहमीसारखं घट्ट बसत नाही, तोल नव्याने शोधावा लागतो. माझे कितीतरी महिने यातच गेले आणि ते सार्थकी लागले असं मला मनापासून वाटतं.

आमच्या सरांनी सुरुवातीला रायफल हातात दिलीच नव्हती. नुसतं उभं राहायचं, डोळे मिटायचे, मान सैल सोडायची, मग डोळे उघडायचे. त्या वेळी डोकं जिथे असेल ती आपली जागा. समोरून आणि बाजूने फोटो काढले आणि पुढचं सगळं त्या फोटोंवरून ठरलं. बट प्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) खाली सरकवली की रायफल खांद्याच्या मानाने वर येते. चीकपीस वर आणि आत घेतला की गालाला रायफल शोधत जावं लागत नाही. साइटला हात सगळ्यात शेवटी.

एवढं करूनही माझा डोळा डायॉप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या, भोकापेक्षा वरच राहत होता. तिथे रायझर ब्लॉक, म्हणजे साइट उंच करणारे ठोकळे, लागतात. साइट बसते त्या ११ मिलिमीटरच्या रेलवर (रायफलवरच्या पट्टीवर) आधी ब्लॉक आणि ब्लॉकवर साइट. पुढची आणि मागची साइट सारख्याच उंचीने वर गेली पाहिजे, यात तडजोड नाही. दोन साइट्समध्ये साधारण ७० सेंटिमीटर अंतर धरलं तर मागची फक्त एक मिलिमीटर जास्त उचलली गेल्यावर १० मीटरवर छर्रा १४ मिलिमीटर वर लागतो. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे; तोच शॉट पाच गुणांच्या वर्तुळात जातो. एवढ्यातेवढ्या फरकाला साइटचा स्क्रू फिरवून मिळणारे क्लिक पुरतात, पण क्लिक बारीक जुळणीसाठी राखून ठेवावेत.

परदेशी ब्लॉक महाग पडतात. माझे ब्लॉक वागळे इस्टेटमधल्या एका मिलिंगवाल्या काकांनी ॲल्युमिनियममध्ये करून दिले. त्यांनी आयुष्यात रायफल हाताळली नव्हती, पण व्हर्नियर घेऊन दोन्ही ब्लॉक मायेने मोजले. ठाण्यात नाहीतर रबाळे, तुर्भ्याच्या एमआयडीसीत असे कारागीर अजून आहेत. रेलवरची साइट सोबत न्या, नुसतं चित्र दाखवून काम होत नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर ब्लॉक करायच्या आधी नियमपुस्तक बघा. साइटच्या उंचीला मर्यादा आहे आणि इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्याच्या तपासणीत) ती मोजली जाते.

आता रायफलच्या कलाबद्दल, म्हणजे ती तिरकी धरण्याबद्दल. रायफल किंचित चेहऱ्याकडे कलवली तर साइट आपणहून डोळ्यासमोर येते. मीही तसंच करते. काही जणांना हा आळशीपणा वाटतो, मला तो शहाणपणा वाटतो. अट एकच, प्रत्येक शॉटला कल तोच हवा. १० मीटर जाईपर्यंत छर्रा साधारण १७-१८ मिलिमीटर खाली पडतो. कलात पाच अंशांचा फरक झाला की त्यातले जवळपास दीड मिलिमीटर बाजूला जातात. झिरो, म्हणजे साइटची जुळणी, त्या कलावरच केला की काही बिघडत नाही; बिघडतं ते कल बदलत राहिला तर. म्हणून मी पुढच्या साइटमध्ये आडव्या पट्ट्या असलेली रिंग वापरते. पट्ट्या नेहमीसारख्या दिसल्या नाहीत की रायफल खाली घेते.

चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट. मान झुकत नसली की आपण नकळत भिंगाच्या कडेतून बघायला लागतो आणि कडेतून लक्ष्याचं काळं वर्तुळ फाटकं दिसतं. नेमबाजीची फ्रेम घ्या. तिचं भिंग फिरवून डोळ्याच्या बरोब्बर समोर, साइटला काटकोनात आणता येतं. माझ्या गुणांमध्ये खरा फरक ब्लॉकपेक्षा या भिंगाने पडला.

काहींना ही सगळी जुळवाजुळव म्हणजे सवलत वाटते. त्यांना मी अवनी लेखराचं नाव सांगते. व्हीलचेअरवर बसून तिने टोकियोत, म्हणजे २०२१ मध्ये, आणि पुन्हा २०२४ ला पॅरिसमध्ये याच १० मीटर एअर रायफलचं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला. ज्यांची मान लवते तेही चीकपीस आपल्या गालाला लावूनच घेतात की!

मानेत प्लेट-स्क्रू बसवले असतील तर आधी सर्जनला विचारा, आणि रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं हेही सांगा. एअर रायफलचा धक्का नगण्य असतो, भार येतो तो उचलण्याचा आणि धरून ठेवण्याचा. प्रोन मात्र आमच्यासारख्यांनी टाळावं असं माझं मत आहे. पालथं पडून मान मागे उचलावी लागते, आणि तिथे कितीही ब्लॉक लावले तरी मानेवरचा ताण पुरता जात नाही. दंडात झिणझिण्या आल्या तर त्या दिवसापुरतं थांबा.

जुळणी मनासारखी झाली की बट प्लेट, चीकपीस आणि दोन्ही साइट्सच्या जागी पेंट मार्करने बारीक खुणा करा आणि सगळी मापं वहीत लिहा. केसमधून नेताना स्क्रू सैल पडतात. माझी मापं बघायची असतील तर या, वही माझ्या केसमध्येच असते.