ट्रॅकवाली सिटी व्हीटेक नागपुरात रोज चालवण्यासाठी तयार केली: माझा अनुभव

गाडी म्हणजे जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००० साली आपल्याकडे आलेली ती १०६ बीएचपीवाली, जिच्यानंतर २००३ मध्ये आलेल्या सिटीत ७७ बीएचपीचं इंजिन दिलं आणि आम्हा सगळ्यांचा जीव हळहळला. पुण्यातल्या एकाने ती कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर, पळवायला बनवली होती. त्याला विकायची होती आणि मला ती कॉलेजपासून हवी होती, घेतली. आता मी तिच्यातनं रोज मनीष नगरहून हिंगणा एमआयडीसीत जातो, एसी चालू असतो, मागे आई-बाबा बसतात. मधलं काम कसं झालं ते लिहितो, कारण अशी गाडी घेणारे बरेच जण सरळ स्प्रिंगपासून सुरुवात करतात आणि माझ्या मते क्रम वेगळा पाहिजे.

घाट रोडवरच्या आमच्या मिस्त्रीभाऊंनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "भाऊ, याच्यात अर्ध्या वस्तू गरम झाल्यावरच काम करतात. घरून निघाल्या निघाल्या गाय आडवी आली त काय करशीन?" बस, तिथून पुढे प्रत्येक पार्टला मी हाच प्रश्न लावला. थंड असताना चालतो का, आणि डोक्यावर हेल्मेट नसताना चालतो का. नाही म्हटलं की निघाला.

म्हणून सगळ्यात आधी रोल केज, म्हणजे गाडीच्या आतली पाईपची चौकट, काढला. लोकांना वाटतं लोखंडी पाईप आहे म्हणजे गाडी जास्त सेफ, पण तो पाईप हेल्मेट घातलेल्या माणसासाठी असतो. रस्त्यावर साधी धडक बसली तरी उघडं डोकं त्याच्यावर आपटतं. शिवाय असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, आरटीओत आणि इन्शुरन्स क्लेमच्या वेळी दोन्हीकडे गाडी अडकते. बकेट सीट, चार पट्ट्यांचा हार्नेस गेला, ओरिजनल सीट आणि साधा तीन पॉइंटचा बेल्ट परत आला. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्टही त्याच दिवशी उतरवला.

मग ब्रेक. रेस कंपाउंडचे पॅड तापल्याशिवाय धरतच नाहीत, डिसेंबरात सकाळी पारा ८-१० वर असताना पहिल्या सिग्नलला पाय दाबला तर गाडी नुसती पुढे सरकत जाते, वरून चिरकतात आणि डिस्क खातात ते वेगळंच. नवीन डिस्क, रस्त्यावरचे चांगले पॅड घेतले आणि पहाटे आउटर रिंग रोडवर बेडिंग केलं. म्हणजे ६० वरून १० पर्यंत जोरात ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत ६०, असं लागोपाठ. हळूहळू पेडल घट्ट होत जातं, मग जळका वास येतो, मग ब्रेक न लावता आरामात चालवून सगळं थंड होऊ द्यायचं. वास आल्यावर घाबरून गाडी उभी करून पाय पेडलवर ठेवू नका, गरम पॅडचा थर डिस्कवर एका जागी बसतो आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. स्टीलच्या जाळीच्या ब्रेक लाइन मात्र ठेवल्या, त्या थंड गरम कशातही छान फील देतात. रेसचं फ्लुइड काढून साधं डॉट ४ टाकलं, फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा बॉइलिंग पॉइंट खाली येतो, म्हणून ते वेळच्या वेळी बदलायचंच.

टायर सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत, होते. कोरड्या रस्त्यावर गरम झाले की जादू, पण नागपूरच्या जुलैत नरेंद्र नगरच्या पुलाखाली पाणी साचलं की त्या दोन-चार खाचा पाणी कुठे फेकणार? नॉर्मल टायर घेतले, साइडवॉल थोडी जास्त उंच. त्याच पाण्यामुळे बंपरच्या खाली लावलेला कोल्ड एअर इनटेकही (इंजिनसाठी बाहेरची थंड हवा ओढणारी नळी) काढला. इंजिनने एकदा पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, धंदाच संपला. ओरिजनल एअर बॉक्स उंच बसतो, आणि आपल्याकडची धूळ पाहता कागदी फिल्टरच बरा.

कूलिंगवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ट्रॅकवर कूलंट सांडला तर रस्ता निसरडा होतो म्हणून बरेच जण नुसतं पाणी टाकतात, या गाडीतही पाणीच होतं, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढलेला, एसीचा कंडेन्सर आणि त्याचा पंखा गायब. आता मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहायचं तर असं कसं चालणार? २०१३ च्या मे मध्ये ४७.९ पाहिलेलं गाव आहे हे. थर्मोस्टॅट परत बसवला, रेडिएटर साफ करून कूलंट भरला, एसीचं सामान जुन्या स्पेअरवाल्यांकडून एकेक करून जमवलं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पण ओरिजनल टाकला, कारण त्याच्या ट्रॅकच्या सेटिंगवर एसी लावला की उभ्या गाडीत इंजिन बंद पडायला यायचं. पॅडल क्लच (रेसचा, एकदम पकडणारा) बुटीबोरीच्या सरळ रस्त्यावर मस्त होता, सीताबर्डीच्या गर्दीत गाडी नुसती उड्या मारायची, साधी प्लेट टाकली. इंधनाचे जुने रबरी पाइपही बदलले, ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही.

आणि आता स्प्रिंग! नागपूरचे सिमेंट रोड दुरून गुळगुळीत दिसतात, पण दर काही फुटांवर जॉइंट, कडक स्प्रिंगवर ते सरळ मणक्यात येतात. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र सेट, ज्याची उंची बदलता येते) काढायची गरज नव्हती, ८ किलोच्या जागी ४ किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग टाकली आणि उंची वाढवली. स्प्रिंग मऊ केली की डॅम्पिंगही, म्हणजे शॉक स्प्रिंगची हालचाल किती रोखतो ते, तेवढंच सैल करावं लागतं, नाहीतर शॉक दबतो आणि पुढचा जॉइंट येईपर्यंत वर येतच नाही, लागोपाठ जॉइंटवर गाडी खाली खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर (शॉकच्या टोकाच्या रबरावर) आदळते. आम्ही रिबाउंड (दबलेला शॉक परत वर येताना रोखणारं सेटिंग) एक एक क्लिक सोडत एकाच रस्त्यावरून परत परत गेलो, बाबा मागे बसून सांगायचे, "आता पोट हलून नाही राहिलं." अलाइनमेंटमध्ये पुढचा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) उणे ३ वरून उणे १ डिग्री केला आणि टो-आउट (चाकांची तोंडं बाहेर वळलेली असणं) शून्यावर आणला. आधी ब्रेक मारला की गाडी रस्त्यातली प्रत्येक रेघ शोधत डावीउजवीकडे जायची, ते बंद झालं, टायरची आतली कड झिजणंही थांबलं.

समृद्धीवर शिवमडक्याहून चढायच्या आधी मी हवा थंड टायरमध्येच बघतो, गाडी मॅन्युअलप्रमाणे. ट्रॅकवर लोक मुद्दाम कमी हवा भरतात, सिमेंटवर १२० ने तासभर चालवायची असेल तर ते अजिबात करू नका, कमी हवेचा टायर जास्त वाकतो, तापतो आणि फुटतो.

मागच्या दोन दारांची आतली लायनिंग अजून मिळालेली नाही. तोपर्यंत तिथे साउंड डॅम्पिंगची शीट लावलीय, आणि ती लायनिंग मिळाल्यावरही शीट तशीच ठेवणार आहे.